खणाच्या मापाचा कॉम्प्युटर

मापसाहेबांची लेक खळखळून हसते, ही बातमी मापसाहेबांना छताने दिली. संध्याकाळी ऑफिसातून येऊन ते दाराशी बूट काढत होते, आणि वरच्या मजल्यावरून, पंख्याच्या दांडीच्या आसपासहून, एक हसू खाली आलं. साधंसुधं नाही, चांगलं पोट धरून हसलेलं. त्यांना वाटलं, वरच्या विमा एजंटाकडे पाहुणे आले असतील. बायकोने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "बिट्टी आहे."

बिट्टी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नववीत शिकणारी. घरात ती "हं", "नको" आणि "चार्जर कुठाय" एवढ्या शब्दांत संसार भागवत असे. ती इतकी हसू शकते हे ऐकून मापसाहेब एक बूट हातात घेऊन तसेच उभे राहिले. चौकशीअंती कळलं ते असं, की वरच्या एजंटकाकांनी टीव्हीला गेम खेळायचं यंत्र जोडलंय, बिट्टी क्लासहून परस्पर वर जाते, आणि दोघं मिळून मोटारींच्या शर्यती लावतात.

"जेवायला तरी खाली येते ना?" मापसाहेबांनी विचारलं.

"कधी येते. कधी जेवूनच येते."

हे जेवूनच येणं मापसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं. एजंटाबद्दल त्यांच्या मनात आजवर काही नव्हतं. उलट जिन्यात भेटला तर विम्याचं बोलत नाही, म्हणून थोडा आदरच होता. तो आता उतरला.

आपली मुलगी दुसऱ्याच्या घरात जास्त सुखात आहे असं कळलं की बाप दोनांतलं एक करतो. मुलीशी बोलतो, नाहीतर खरेदीला निघतो. बोलायचं म्हटलं तर काय बोलायचं ते ठरवावं लागतं, म्हणून मापसाहेब खरेदीला निघाले. आपल्या हॉलमधल्या टीव्हीला जोडायला गेमचा कॉम्प्युटर आणायचा, एजंटाच्या यंत्राहून सरस, आणि बिट्टीला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही. एकदम समोर ठेवून तिला थक्क करायचं. या घरात ज्या एकाच व्यक्तीला या विषयातलं काही कळत होतं, ती अशा रीतीने पहिल्याच दिवशी चर्चेतून बाद झाली.

मापसाहेब हे काही त्यांचं नाव नव्हे. ते सरकारच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू खरा आहे का, वजनाच्या बुडातलं शिसं कुणी काढून तर घेतलं नाही ना, पाकिटावर लिहिलंय तेवढाच माल आत आहे का, हे बघण्यात त्यांची उमर गेली. बाजाराने त्यांना हे नाव दिलं, ते सोसायटीने उचललं, आणि आता बायकोसुद्धा रागावली की हेच वापरायची. ती एका इस्पितळात हेडनर्स होती, त्यामुळे रागावायचा सराव दांडगा.

तर कॉम्प्युटर. तो लहान हवा, हे आधीच ठरलेलं होतं, आणि ते ठरवलं होतं शोकेसने. मापसाहेबांचे सासरे त्यांच्याकडेच राहत. खरं म्हणजे सासरेबुवांनी हॉलच्या एका भिंतीवर स्वतःच्या हातांनी शोकेस केली होती, आणि तिच्यातून उरलेल्या जागेत बाकीचं कुटुंब राहत होतं. सासरेबुवा कारखान्यात लाकडी साचे करायचे. त्यांच्या हाताखालून गेलेल्या लाकडात फट नावाची गोष्ट राहत नसे. शोकेसच्या मधोमध टीव्ही, त्याच्या खाली एक खण. हा खण त्यांनी व्हिडिओच्या यंत्रासाठी केला होता. ते यंत्र कधीच निवर्तलं, पण खण टिकून होता आणि त्यात रिमोट, बंद पडलेली घड्याळं आणि सोसायटीच्या नोटिसा सुखाने नांदत होत्या. शोकेसला खिळा मारायचा नाही, तिच्यावर स्टिकर लावायचा नाही, तिच्यासमोर काही ठेवून तिचं तोंड झाकायचं नाही, असे तिचे कायदे होते. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. म्हणजे कॉम्प्युटर यायचा तर खणात, आणि खणात यायचा तर मापाचा.

मापाचा! हा शब्द उच्चारताच मापसाहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मेमरी, ग्राफिक्स, प्रोसेसर वगैरे भानगडी विकणाऱ्याने बघाव्यात. लांबी, रुंदी, उंची हे आपलं क्षेत्र. ऑफिसातली मोजायची साधनं घरच्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, म्हणून त्यांनी स्वतःसाठी नवी स्टीलची टेप आणि बारीक मापाचं व्हर्नियर विकत आणलं आणि सासरेबुवा झोपलेले असताना खणाच्या पुढून, मागून आणि मधून मापं घेतली. तिन्ही सारखी आली. सासऱ्यांबद्दलचा आदर त्यांना नाइलाजाने वाढवावा लागला.

गोष्ट गुप्त ठेवायची होती, म्हणून त्यांनी ती फक्त विश्वासातल्या माणसांना सांगितली. साडूंना फोन केला. साडू म्हणाले, "लहान? अहो, गेमचं म्हटलं की दणदणीत घ्यावं. आमच्याकडे आहे, फ्रिजच्या निम्म्याएवढं. आत दिवे लागतात."

"दिवे कशाला?"

"ते माहीत नाही. पण लागतात. तीन रंगांचे."

ऑफिसातल्या हेडक्लार्कचं मत निराळं पडलं. ते म्हणाले, "साहेब, यंदा घेऊ नका. पुढच्या वर्षी नवं मॉडेल येतंय."

"मग पुढच्या वर्षी घेऊ?"

"छे! त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून नवं येतंय." हेडक्लार्क याच हिशेबाने नोकरीला लागल्यापासून स्कूटर घ्यायची थांबले होते आणि रोज चालत येत होते. त्यांची तब्येत मात्र उत्तम होती.

शेवटी मापसाहेबांनी सुट्टीच्या दिवशी टेप आणि व्हर्नियर खिशात टाकलं आणि कॉम्प्युटरच्या दुकानांची गल्ली गाठली. इथे एक घोटाळा झाला, ज्याचा त्यांनी आधी विचार करायला हवा होता. पहिल्या दुकानात शिरून त्यांनी एक खोकं उचललं. खोकं हातात आलं की त्याच्यावरची बारीक छपाई वाचायची, हा त्यांच्या हाताला आणि डोळ्याला जडलेला रोग. उत्पादकाचा पत्ता, आयात करणाऱ्याचं नाव, महिना, वर्ष, नग. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी टेप काढली आणि खोक्याची लांबी घेतली. वर बघतात तो दुकानदाराचा चेहरा पांढराफटक.

"साहेब, तो माल कंपनीकडूनच तसा आलाय," दुकानदार म्हणाला. "आम्ही फक्त विकतो."

"मला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय," मापसाहेब म्हणाले.

एका वजनमापे निरीक्षकाने असं म्हणावं आणि ते कुणी खरं मानावं, असं ते वाक्यच नव्हतं. दुकानदाराने चहा मागवला, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि कॉम्प्युटर मात्र एकही दाखवला नाही. दुसऱ्या दुकानात त्यांच्या आधीच फोन पोचला होता. तिथला मालक सगळी खोकी छपाईची बाजू पुढे करून मांडत होता. तिसऱ्याचं शटर त्यांच्या नाकासमोर खाली आलं. आतून कुणीतरी "जेवणाची सुट्टी" असं ओरडलं, तेव्हा सकाळचे दहाही वाजले नव्हते. गल्लीभर "मापसाहेब आले" एवढे दोनच शब्द पळत होते. आयुष्यभर ज्या धाकाचा त्यांना अभिमान वाटला, त्याच धाकाने त्यांना आज गिऱ्हाईक होऊ दिलं नाही. "अहो, मी खासगी कामासाठी आलोय!" असं ते रस्त्यात उभं राहून म्हणालेही. त्यावर समोरच्या दोन दुकानांचे दिवे विझले, कारण खासगी काम म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या अनुभवाप्रमाणे लावला.

गल्लीच्या टोकाला एक दुकान उघडं सापडलं. उघडं म्हणजे, त्याचं शटर अर्ध्यात अडकलं होतं आणि मालक त्याच्याशी झटापट करत होता. मापसाहेब वाकून आत शिरले. मालकाने सुटकेचा मार्ग बंद झालेला पाहिला आणि लहान आकाराची सगळी यंत्रं निमूटपणे काउंटरवर मांडली. एक वहीसारखं चपटं होतं, एक चौकोनी ठोकळा, आणि एक काळं, आडवं, दोन्ही कुशींना जाळी असलेलं. मापसाहेबांनी सगळ्यांना टेप लावली. चपटं खणात लोळलं असतं. ठोकळा उंचीला अडला असता. काळ्याची मापं घेतली आणि ती त्यांनी पुन्हा एकदा घेऊन पाहिली. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही जशीच्या तशी. जणू सासरेबुवांनी खण करताना हेच यंत्र मांडीवर घेतलं होतं.

"हे माझ्या खणात बसेल ना?" मापसाहेबांनी मापं दाखवून विचारलं.

"बसेल साहेब."

"अगदी घट्ट? फट राहता कामा नये."

दुकानदाराने यंत्राच्या जाळीवर बोट ठेवलं आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडलं.

"काय?" मापसाहेबांनी विचारलं, नेहमी विचारतात त्याच आवाजात.

"काही नाही साहेब. घट्ट बसेल."

"गेम चालतील?"

"आपण म्हणाल ते चालतील."

"आणि टीव्हीला जोडता येईल?"

"आपण म्हणाल त्या टीव्हीला, साहेब."

आपल्याला इतकं नेमकं आणि विनयाने उत्तर देणारा माणूस या गल्लीत एकच आहे, असं मापसाहेबांचं मत झालं. फक्त शेवटी त्याने खेळायचे दोन कंट्रोलर फुकट देऊ केले, तेव्हा ते संतापले. "मी सरकारी नोकर आहे!" ते म्हणाले आणि त्यांनी दोन्ही कंट्रोलर पूर्ण किमतीला, वेगळी पावती करून घेतले. दुकानदाराने पावती केली खरी, पण ती अशा घाईत खरडली की पुढे वॉरंटीसाठी ती कुणालाच वाचता आली नसती.

घरी खोकं उघडलं तेव्हा बिट्टी क्लासला होती. मापसाहेबांनी खण रिकामा केला, यंत्राच्या मागच्या वायरी खणाच्या मागच्या छोट्या भोकातून घातल्या आणि यंत्र आत सरकवलं. सरकताना त्याने हलकासा 'फुस्स' आवाज केला, आतली हवा बाहेर गेली आणि ते खणाच्या पाठीला लागून थांबलं. चारही बाजूंना कागद सरकवायला जागा नव्हती. सासरेबुवा चष्मा लावून जवळ आले, खणाच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं आणि म्हणाले, "बसलंय." सासरेबुवांच्या तोंडून एवढी स्तुती त्या घरात याआधी कुणी ऐकली नव्हती. मापसाहेबांनी ती बायकोला स्वयंपाकघरात जाऊन पुन्हा सांगितली.

बिट्टी आली, दप्तर टाकलं, वर जायला वळली आणि टीव्हीकडे बघून थबकली. "बाबा! हे आपलं?" गेल्या कित्येक महिन्यांत ती बापाशी इतकं आपणहून बोलली नव्हती. ती मांडी घालून बसली, गाडी निवडली, रंग निवडला, आणि मोटार शहराच्या रस्त्यावरून अशी सुटली की मापसाहेब सोफ्याचा हात धरून बसले. आता हसणार, आता हसणार, म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पडदा काळा झाला.

पुन्हा चालू केलं. पुन्हा थोडं पळालं आणि पुन्हा काळोख. तिसऱ्या खेपेला गाडी निघायच्या आतच.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. साडू फोनवरून म्हणाले, "दिवे नसलेलं घेतलंत, भोगा." हेडक्लार्क म्हणाले, "यंदाच्या मॉडेलचं असंच असतं." सोसायटीचे सेक्रेटरी शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहत. ते दारातून डोकावून म्हणाले, "हॉलमध्ये कॉम्प्युटर ठेवलाय, ठीक आहे. पण त्यावर धंदा चालवायचा असेल तर सभेची परवानगी लागेल." शेवटी बायकोने दुसऱ्या दिवशी इस्पितळातून आल्याआल्या, पर्ससुद्धा न ठेवता, यंत्राच्या पुढच्या बाजूवर उलटा हात टेकवला. रुग्णाच्या कपाळावर टेकवतात तसा.

"ताप आहे," ती म्हणाली. "फणफणलंय नुसतं. याला श्वास घ्यायला जागा नाही. बाहेर काढा."

बाहेर काढा! दोन शब्द बोलायला सोपे. यंत्र खणात तंतोतंत बसतं हे मापसाहेबांनी सोसायटीत, ऑफिसात आणि साडूंना सांगून झालं होतं. ते आता बाहेर काढायचं म्हणजे माप चुकलं असं कबूल करायचं, आणि माप तर चुकलेलं नव्हतं! माप बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. तरी बिट्टीच्या तोंडाकडे बघून त्यांनी ते काढलं आणि शोकेससमोर स्टुलावर ठेवलं. सासरेबुवा फिरून आले, स्टूल पाहिलं, आणि आपली खुर्ची उचलून गॅलरीत जाऊन बसले. जेवायलासुद्धा आत आले नाहीत. बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं की मापसाहेबांनी यंत्र मुकाट्याने परत खणात सरकवलं. ते पुन्हा 'फुस्स' करून बसलं.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी बिट्टी क्लासहून परस्पर वर गेली. मापसाहेब हॉलमध्ये बसले होते. समोर महागातला कॉम्प्युटर खणात गपगार बसला होता, आणि छतातून हसू येत होतं. त्यांना वाईट वाटलं. रागही आला, पण तो आला तेव्हा वाईट वाटून झालं होतं. आपण आणलं ते यंत्र तिला नकोय असं नाही, हेही त्यांना समजत होतं. पण वर ती आहे आणि खाली आपण आहोत, आणि मध्ये एक शोकेस आहे, एवढंच त्यांना दिसत होतं.

खणाच्या पाठीला भोकं पाडायची, त्यांनी ठरवलं. सासरेबुवा फिरायला गेले की. मागची पाठ कुणाला दिसते? हवा आत जाईल, यंत्र थंड राहील, माप खरं राहील आणि सासऱ्यांना कळणारही नाही.

ड्रिल मशीन सोसायटीचं होतं आणि सेक्रेटरींच्या ताब्यात असे. सेक्रेटरींनी अर्जाचा नमुना पुढे केला. कारण, जागा, वेळ, आणि वरच्या व खालच्या मजल्याची संमती.

"आम्ही तळमजल्यावर राहतो," मापसाहेब म्हणाले. "खाली कोण असणार?"

"मग तिथे 'लागू नाही' लिहा. पण सही लागेल."

"कुणाची?"

सेक्रेटरींनी बराच विचार केला. "तुमचीच करा," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर ड्रिल मागच्या दाराने कुठूनतरी मिळवून मोकळा झाला असता. पण ज्याने नियमाच्या पोळीवर आयुष्य काढलं त्याला नियमाचा कंटाळा करून कसं चालेल? वरच्या मजल्याच्या सहीसाठी मापसाहेब एजंटाकडे गेले. दार उघडंच होतं. पडद्यावर एक गाडी चाकं वर करून पडली होती, एजंट कंट्रोलर डोक्यावर धरून बसला होता आणि बिट्टी सोफ्यावरून घसरून जमिनीवर आली होती. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होती. ती इतकी सुंदर हसते हे बापाने छताशिवाय प्रथमच पाहिलं. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं, आणि हसू थांबलं.

"बाबा? काही काम होतं?" तिने विचारलं.

"सही हवी होती," मापसाहेब म्हणाले, "यांची." सही घेऊन ते खाली उतरले. बिट्टीच्या प्रश्नात वाईट काहीच नव्हतं. पण तो पायरीपायरीला टोचत राहिला.

सासरेबुवा फिरायला बाहेर पडले तसं मापसाहेबांनी खणातून यंत्र काढलं, आडवे झाले, डोकं खणात घातलं आणि ड्रिल चालू केलं. मशीनला सेक्रेटरींनी कुठलं पातं लावून दिलं होतं, हे बघायचं राहून गेलं. ते पातं सोसायटीच्या गेटच्या खांबांसाठी आणलेलं, हातभर लांब होतं. प्लायवुड लोण्यासारखं गेलं. मापसाहेबांना वाटलं, अजून थोडं दाबावं. भिंत किती जाड असते याचा ठोकताळा त्यांच्याजवळ नव्हता, कारण भिंती वजनमापे खात्याच्या अखत्यारीत येत नाहीत. अचानक पात्याचा अडथळा संपला आणि पलीकडून कुणीतरी "अरे! अरे! अरे!" असं ओरडलं.

सेक्रेटरी आपल्या हॉलमध्ये चहा घेत बसले होते. त्यांच्या डोक्याशेजारी, 'आदर्श सोसायटी'चं प्रशस्तिपत्रक टांगलं होतं त्याच्या काचेखालून, फिरतं लोखंड बाहेर आलं होतं. ते हातात अर्ज घेऊनच धावत आले.

"यात 'शोकेसला भोक' असं लिहिलंय," ते अर्जावर बोट आपटत म्हणाले. "'भिंतीला' असं कुठे लिहिलंय? आणि माझ्या भिंतीला?"

"ती भिंत माझीही आहे," मापसाहेब खणातून डोकं काढत म्हणाले. केसांत विटेचा भुसा होता.

"अर्धी! तुम्ही अर्धीवर थांबायला हवं होतं!"

मोजमापाच्या बाबतीत हा आरोप मापसाहेबांवर आजवर कुणी केला नव्हता. आवाज ऐकून बायको आली, एजंट आला, त्याच्यामागून बिट्टी आली. आणि या सगळ्यांच्या मागे, हातात काठी आणि डोक्यावर टोपी, सासरेबुवा उभे होते. पाय दुखायला लागला म्हणून ते आज अर्ध्या वाटेतून परतले होते.

सगळे बाजूला झाले. सासरेबुवा खाली बसले. गुडघ्यांनी तक्रार केली, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. खणात वाकून त्यांनी भोक पाहिलं, त्यात करंगळी घातली, पलीकडचा सेक्रेटरींचा पंखा फिरताना पाहिला.

"वाकडं आहे," सासरेबुवा म्हणाले.

मापसाहेबांचे कान लाल झाले. "अण्णा, माझं चुकलं," ते म्हणाले. आणि मग, एवढी माणसं उभी असताना, त्यांना जे बोलायचं नव्हतं ते तोंडून निघून गेलं. "बिट्टी वर हसते. इथे हसत नाही. मला ते इथे ऐकायचं होतं. म्हणून कॉम्प्युटर आणला, तर तो तापतो. आणि शोकेसला हात लावू का, असं तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालोच असतो," सासरेबुवा म्हणाले. "आज नाही म्हणालो असतो, उद्या हो म्हणालो असतो. मला एक दिवस लागतो, जावई. तेवढा द्यायचा होता."

त्यांनी पलंगाखालून आपली पेटी आणायला सांगितली. पटाशी काढली, बारीक करवत काढली, आणि ज्या शोकेसवर माशी बसलेली त्यांना खपत नसे तिच्या खणाची पाठ त्यांनी स्वतः कापून काढली. पूर्ण. मग दोन्ही कुशींना उभ्या चिरा पाडल्या, एकसारख्या, एका रेषेत. मापसाहेबांना टॉर्च धरायचं काम मिळालं. मध्येच सासरेबुवांनी विचारलं, "हे यंत्र घेताना, जाळी कशाला आहे असं विचारलं नाहीत?" मापसाहेब म्हणाले, "मला वाटलं शोभेची आहे." सासरेबुवांची करवत थोडा वेळ थांबली. सेक्रेटरींनी पलीकडून भोक कागदाच्या बोळ्याने बुजवलं आणि या विषयावर सभा बोलवायचं ठरवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र चालू केलं. ते चाललं. चालतच राहिलं. बायकोने दोनदा उलटा हात लावून पाहिला आणि "नॉर्मल" असा शेरा दिला. बिट्टी समोर मांडी घालून बसली होती. तिची गाडी वळणं अशी कापत होती की बघत राहावं. मापसाहेब मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसले आणि वाट बघू लागले.

बिट्टी जिंकली. पुन्हा खेळली, पुन्हा जिंकली. तिच्या फक्त अंगठ्यांची हालचाल होत होती. तोंडातून शब्द नाही. मापसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले. सासरेबुवा वर्तमानपत्रावरून बघत होते. खण कापला, भिंत फोडली, सोसायटीत नाचक्की झाली, आणि हॉल होता तेवढाच शांत.

शेवटी त्यांना राहवलं नाही. "गेम चांगला नाही का?"

"मस्त आहे, बाबा."

"मग हसत का नाहीस?"

बिट्टीने खेळ थांबवून वळून पाहिलं. बाप गंभीरपणे विचारत होता. "एकटीने काय हसायचं?" ती म्हणाली. "काकांना गाडी अजिबात येत नाही, म्हणून मजा येते. तुम्ही खेळता?"

"मला येत नाही."

"तेच म्हणतेय मी," बिट्टी म्हणाली आणि दुसरा कंट्रोलर त्यांच्या हातात ठेवला.

मापसाहेब खुर्चीतून उतरून सतरंजीवर बसले. पँट गुडघ्यांवर आवळली. वेगाचं बटण कुठलं, ब्रेकचं कुठलं, हे त्यांनी नीट विचारून घेतलं. हॉर्नचंही विचारलं. शर्यत सुटली. सगळ्या गाड्या बंदुकीच्या गोळीसारख्या गेल्या, आणि त्यांच्या मागे, रस्त्याच्या डाव्या कडेने, मापसाहेबांची लाल मोटार लग्नाला निघाल्यासारखी निघाली.

"इंडिकेटर कुठला?" त्यांनी वळणाच्या आधी विचारलं.

"इंडिकेटर नाहीये! दाबा, बाबा, दाबा!"

मापसाहेबांनी दाबलं. गाडी जरा जोर धरते न धरते तोच समोरच्या चौकात दिवा लाल झाला. मापसाहेबांनी ब्रेक लावला. गाडी पांढऱ्या रेषेच्या आत, सरळ, चाकं सरळ करून उभी राहिली. शेजारून एक ट्रक, दोन मोटारी आणि आगीत जळणारं एक वाहन सुसाट निघून गेलं.

"काय झालं?" बिट्टीने विचारलं. "बंद पडला?"

"सिग्नल आहे," मापसाहेब म्हणाले.

"बाबा, ही शर्यत आहे!"

"असू दे की. लाल आहे."

बिट्टी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिच्या तोंडातून काहीतरी फुटलं आणि तिने तोंडावर हात दाबला, पण ते आवरलं नाही. "बरोबर आहे त्यांचं," सासरेबुवा वर्तमानपत्राआडून म्हणाले, अगदी मनापासून, आणि तिथे तिचा बांध फुटला. ती सतरंजीवर आडवी झाली. कंट्रोलर एकीकडे, चष्मा एकीकडे. हसता हसता ती बापाच्या खांद्यावर आदळली आणि तिथेच हसत राहिली. स्वयंपाकघरातून बायको हात पुसत बाहेर आली आणि दारातच उभी राहिली.

मापसाहेबांना अपमान वाटला. नियम म्हणजे नियम, यात हसण्यासारखं काय आहे, असं ते म्हणणार होते. रिकामा रस्ता असला म्हणून काय झालं, पादचारी कुठूनही येऊ शकतो, हेही ते सांगणार होते. पण खांद्यावर डोकं होतं, आणि ते हलत होतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. दिवा हिरवा झाला. त्यांनी आरसे नसलेल्या गाडीचे आरसे बघितले आणि गाडी काढली.

पुढच्या चौकातला सिग्नल हिरवाच होता. मापसाहेबांनी खांद्यावरच्या डोक्याकडे एकदा पाहिलं, वेग कमी केला, गाडी रेषेच्या आत सरळ उभी केली, आणि तो लाल व्हायची वाट बघत थांबले.